खिडकीतल्या मुलांचा भोंगा

मित्रांनो, कानांवर हात ठेवायचे असतील तर आत्ताच ठेवा. मी एक जुना, कडेला तडा गेलेला भोंगा आहे आणि मला हळू बोलता येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तोंड फुटले ते मोटारतळावर. "लागोस! लागोस!" असे ओरडून मी लागोस शहराला जाणाऱ्या गाड्या भरत असे. तडा गेल्यावर मालकाने मला टाकून दिले. तिथून मला अजिबाडे मॅडमनी उचलले. त्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवतात. वर्गात बाकांपेक्षा मुले फार जास्त. उरलेली बाहेर उन्हात, खिडकीला लटकून ऐकत. मी आलो आणि खिडकीतल्या फोलाके नावाच्या मुलीला पहिल्यांदा शेवटचे वाक्य ऐकू आले. तेव्हा तिने मारलेली शिट्टी मी अजून विसरलेलो नाही.

इतर प्राध्यापक मात्र हसत. "अजिबाडेबाईंचा मासळीबाजार भरला वाटतं!" त्यांचे शोधनिबंध परदेशात छापून येत, मॅडमचे फारसे नाहीत. लिहायला वेळ कुठून आणणार? सगळा वेळ आम्ही खाल्ला होता. मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

एक दिवस मोठ्या सभागृहात एका नामवंत संशोधकाचे मानाचे व्याख्यान होते. झगे, पाहुणे, मागे जेवणाला मोईमोईची, म्हणजे वाफवलेल्या वाटल्या डाळीची, पातेली. ऐन भाषणात लाइट गेली आणि जनरेटरही बंद पडला. डीनसाहेब लाल झगा सावरत थेट आमच्या वर्गात आले.

"मॅडम, भोंगा द्या. सरांचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही."

"माझाही खिडकीपलीकडे जात नाही, सर. वर्ग चालू आहे."

"पहिलं वर्षच ना? उद्या घ्या."

"उद्या खिडकीत हीच पोरं असतील, सर."

डीनसाहेबांनी आवाज खाली आणला. "परवा तुमच्या बढतीची बैठक आहे. विसरलात का?"

मॅडमनी खिडकीकडे वळून मला तोंडाशी धरले. "हृदयाला कप्पे किती?"

"चार!" खिडक्या गरजल्या. डीनसाहेब निघून गेले.

बढती मिळाली नाही. 'संशोधन अपुरे', एवढेच कारण. शिकवण्याबद्दल बैठकीत कुणी चकार शब्द काढला नाही. मला इतका राग आला, की मोटारतळावरच्या सगळ्या शिव्या आठवल्या.

सोमवारी मॅडम सुजलेल्या डोळ्यांनी वर्गावर आल्या. त्यात माझे सेल संपत आलेले. माझ्यातून नुसती खरखर येऊ लागली.

"मॅडम, ऐकू येत नाही!" फोलाके ओरडली.

"सेल गेलेत गं. आज राहू दे."

"राहू दे काय? घ्या हे!" तिने आपल्या टॉर्चमधले सेल काढून खिडकीतून आत दिले. तिच्या मागून आणखी हात आले. लाइट गेली की ही मुले याच टॉर्चवर अभ्यास करतात.

"अगं, मग रात्री वाचणार कशावर?"

"आता नीट ऐकू आलं तर रात्री कमी वाचावं लागेल, मॅडम!"

मॅडम हसल्या, त्यांनी डोळे पुसले आणि सेल माझ्यात बसवले.

मित्रांनो, मला पुसून कपाटात जपून ठेवा, असे मी मुळीच म्हणणार नाही. माझ्यात सेल घाला आणि मला खिडकीकडे वळवा. सभागृहाला त्रास होत असेल, तर त्यांनी आपल्या खिडक्या लावून घ्याव्यात. आमच्या उघड्याच राहतील.