वहिनीची प्रत

थोरला गेला तेव्हा मागे उरलं ते एक पुस्तक. पाण्याचे पंप दुरुस्त कसे करावेत याचं. कुणीही वाचावं, उचलावं, सुधारावं म्हणून त्याने नेटवर खुलं ठेवलेलं. कारखान्यातून आला की ताट बाजूला सारून तो त्यातच डोकं घालायचा. एखादी चूक दुरुस्त केली की पुढचं सगळं संगणकाचं यंत्रच करी: लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणे अख्खं पुस्तक नव्याने बांधून नेटवर चढवी आणि सुरळीत पार पडलं की हिरवी खूण दाखवी. ती व्यवस्थाही त्याचीच.

सासूबाईंच्या लेखी हे सगळे रिकामटेकडे उद्योग. त्या राहायच्या धाकट्याकडे, आणि थोरल्याच्या माघारी पुस्तकाचा ताबाही धाकट्याकडेच गेला. पहिल्या पानावर लेखक म्हणून त्याचं नाव झळकलं. सासूबाई चारचौघांत मिरवू लागल्या. थोरल्याने काय केलं, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, त्याने दिवे लावले.

थोरल्याच्या बायकोला, वहिनीला, ते काट्यासारखं सलायचं. सासूबाईंनी थोरल्याचं नाव एकदा त्या पानावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, एवढंच तिचं मागणं. नवऱ्याशेजारी बसून ती दुरुस्त्या करायला शिकली होती. तिने आतला मजकूर उघडला, तर तिथे थोरल्याचंच नाव, जसंच्या तसं. बांधून बाहेर आलेल्या पुस्तकात मात्र धाकट्याचं. पुन्हा बांधलं, पुन्हा तेच.

तिने धाकट्याला विचारलं. तो हळहळला, तुमचंच काहीतरी चुकत असेल म्हणाला, आणि वर सल्लाही दिला.

"खुलं पुस्तक आहे, वहिनी. सगळं उचला, तुमच्याकडे बांधा. आईला दाखवायला मीच घेऊन येतो."

तिला भरून आलं. तिने मजकूर, चित्रं, तक्ते, यंत्राला दिलेल्या बांधणीच्या सूचना, सगळं उचललं. नवऱ्याच्या हातचं काही मागे राहायला नको. बांधायचं मात्र तिने राखून ठेवलं. पहिलं पान आधी त्याच्या आईनेच बघावं.

रविवारी सासूबाई गुडघे धरत जिने चढून आल्या. वहिनीने बटण दाबलं. थोड्या वेळाने हिरवी खूण आली. सासूबाईंनी चष्मा सारखा केला, पडद्यावर बोट टेकवलं आणि अक्षरं लावत लावत वाचलं.

"धाकट्याचंच तर आहे," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने काढलंस, तरी त्याचंच. आता मेलेल्याचं नाव पुढे करून माझ्या लेकाशी भांडू नकोस, बाई."

पाणीही न घेता त्या उठल्या. धाकटा चपला सरकवत दारात रेंगाळला. आई जिन्याच्या वळणापलीकडे गेल्यावर हलकेच म्हणाला,

"काही मागे ठेवलं नाहीत ना, वहिनी? मग सूचनांमधली माझी ओळही आली. बांधताना दादाचं नाव पुसून माझं घालायची. काढा आता खुशाल. आई काही परत एवढे जिने चढायची नाही."

तिने ती ओळ शोधली, काढली. यंत्राने पुस्तक पुन्हा बांधलं. पहिल्या पानावर नवऱ्याचं नाव आलं. हिरवी खूणही आली, मघासारखीच.

खाली सासूबाई अजून एकेक पायरी उतरत होत्या. धाकट्याला सांगत होत्या, जपून ये रे बाळा.