तीन दिवसांचं ऊन

वेधशाळेच्या गच्चीवर काचेचा एक गोळा बसवलेला आहे, मोठ्या संत्र्याएवढा. त्याच्या मागे रोज जाड कागदाची पट्टी सरकवायची. ऊन पडलं की ते गोळ्यातून एकवटतं आणि पट्टीवर जळकी रेघ उमटते. ढग आला की रेघ तुटते. सूर्य मावळला की पट्टी काढायची, रेघ मोजायची, वहीत लिहायची आणि नवी पट्टी घालायची. काम एवढंच. पण एवढंसं काम सव्वीस वर्षं एकही खाडा न करता करायला माणूस चिवट लागतो, आणि पट्टीवाले चिवट होते. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. कचेरीत आणि गल्लीत ते पट्टीवालेच.

त्या शहरात वर्षाचे दोन महिने सूर्य नावालाच असायचा. आभाळ खाली उतरून छपरांवर बसायचं. दुकानदार भर दुपारी दिवे लावायचे, धुतलेले कपडे चार-चार दिवस दोरीवर लोंबून कुबट वास मारायचे. एरवी हसतमुख असलेला बसवाहक सुट्ट्या पैशांवरून म्हाताऱ्यांच्या अंगावर ओरडायचा. शेजारी-शेजारी कचऱ्याच्या डब्यावरून भांडायचे आणि ऊन पडलं की त्याच डब्यापाशी उभे राहून गप्पा मारायचे. हे सगळं सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी मनावर घ्यायचं नाही.

पट्टीवाल्यांच्या घरात मात्र हा हंगाम पाहुण्यासारखा यायचा नाही, मालकासारखा यायचा. त्यांची बायको शिवणकाम करायची. गल्ली तिला शिवणताई म्हणायची. खिडकीशी तिचं पायमशीन, आणि वर्षाचे दहा महिने त्याची घरघर चालू. पण आभाळ भरून आलं की तिचे पाय जड व्हायचे. आधी बोलणं कमी, मग जेवण कमी, मग मशीनवर झाकण पडायचं आणि बाई अंथरुणात. डोळे उघडे, पण त्यात कुणी नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पट्टीवाल्यांच्या आईनं तिला सोलून काढलं होतं. "सोंगं आहेत सगळी! काम नको म्हणून अंथरूण धरायचं. आम्ही नाही का राहिलो अंधारात?" नवरा म्हणून पट्टीवाले त्या वेळी काही बोलले नाहीत. तो माणूस तोंडानं भांडणाऱ्यातला नव्हताच. त्यांनी दोन वर्षं गुपचूप टिपणं ठेवली. मग एका सकाळी वेधशाळेतल्या रद्दीतल्या पट्ट्यांची चळत आईपुढे टेबलावर मांडली आणि शेजारी कॅलेंडर ठेवलं. "आई, हे बघ. सहा दिवस पट्टी कोरी गेली की ही झोपते. तीन दिवस पट्टी पुरती जळली की ही उठते. दोन्ही वर्षं, एकदाही चूक नाही. आळस असता तर तो ऊन बघून पळाला असता का गं?"

आईनं पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं. बायको दाराआड उभी होती. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणी तिची बाजू घेतली होती, आणि तीही पुराव्यानिशी. ती दाराआडच रडली. त्यानंतर तिनं नवऱ्याच्या शब्दावर जो विश्वास टाकला तो कधी काढून घेतला नाही.

सहा दिवस कोरे, बाई आडवी. तीन दिवस जळके, बाई उभी. हा त्या घराचा कायदाच झाला. लेक मोठी झाली तीही हेच ऐकत. कचेरीत पावसाचं माप घेणारे एक मित्र होते, पाऊसवाले. ते दर हंगामात विचारायचे, "काय पट्टीवाले, घरचं हवामान काय म्हणतंय?" पट्टीवाले ऐटीत उत्तर द्यायचे, "गुरुवारपर्यंत ढगाळ. शुक्रवारी मशीन सुरू." आणि व्हायचंही तसंच. पाऊसवाले कपाळाला हात लावायचे, "आमचे अंदाज रोज तोंडावर आपटतात, आणि हा गृहस्थ बायकोचा अंदाज बरोबर सांगतो! तुम्हाला बढती द्यायला हवी हो."

यंदाही आभाळ वेळेवर आलं. सहा पट्ट्या कोऱ्या गेल्या, सातव्या दिवशी मशीनवर झाकण पडलं. पट्टीवाल्यांनी भात-भाजीचं बघायला घेतलं, लेकीनं कामावरून येताना दूध आणायला घेतलं. सवयीचं होतं सगळं.

नवव्या की दहाव्या दिवशी बायको कशीबशी उठून खालून पाणी आणायला गेली आणि ओल्या जिन्यावरून घसरली. "डोकं आपटलं हो," ती म्हणाली. पट्टीवाल्यांनी तिच्या केसांत बोटं घालून पाहिलं. एवढंसं टेंगूळ. थंड पाण्याची घडी ठेवली, जिन्याला दोन शिव्या घातल्या. "दिवसाढवळ्या दिसत नाही काही, दुसरं काय होणार!" दोन दिवसांत टेंगूळ बसलं आणि दोघंही विसरले. निदान ते तरी विसरले.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "माझा डावा हात माझा वाटत नाही."

"झोपून झोपून आखडला असेल. ऊन पडू दे."

ती जास्तच झोपू लागली. एकदा भर दुपारी उठून विचारलं, सकाळ झाली का. लेक घाबरली. "बाबा, आईला डॉक्टरांकडे नेऊ या का? यंदा काहीतरी निराळं वाटतंय मला."

"तुला दरवर्षी निराळंच वाटतं," पट्टीवाले म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. "लहान असताना तू दोन वर्षं ओळीनं रडलीस, आई मरणार म्हणून. मेली का? तीन दिवसांचं ऊन, बाई. दुसरं औषध नाही तिला."

चार दिवसांनी बायको स्वतःच म्हणाली. ते पायात बूट घालत होते, ती भिंतीला टेकून उभी होती. "अहो, हे नेहमीचं नाही. आतून कळतंय मला."

पट्टीवाल्यांना उशीर होत होता. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, प्रेमानंच ठेवला. "प्रत्येक वेळी असंच वाटतं तुला. आणि प्रत्येक वेळी तू उठतेस की नाही?" ती मान हलवून आत गेली.

आणि मग ऊन पडलं. असं लख्ख पडलं की रस्त्यावर लोक थांबून वर बघू लागले. बायकांनी गाद्या बाहेर काढल्या. बसवाहक शीळ घालत होता. पट्टीवाल्यांनी पहिल्या दिवशीची पट्टी काढली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत रेघ सलग. दुसऱ्या दिवशी तशीच. तिसऱ्या दिवशी ते घरी येताना जिन्यात थांबून कान लावून उभे राहिले. आवाज नाही. चौथ्या दिवशीही नाही. त्या दिवशी पाऊसवाल्यांनी विचारलं, "काय, शुक्रवार उजाडला नाही वाटतं अजून?" पट्टीवाले हसले, पण जेवणाचा डबा अर्धा टाकून उठले. भीती वाटली होती, ती त्यांनी स्वतःलाही सांगितली नाही. सव्वीस वर्षांत कायदा मोडला नव्हता, आता कसा मोडेल?

पाचव्या दिवशी दुपारी ते घरी आले आणि पहिल्याच पायरीवर त्यांना मशीनची घरघर ऐकू आली. वेडा माणूस! दोन-दोन पायऱ्या एकदम चढून वर गेला. बायको खिडकीशी उन्हात बसली होती, पाय हलत होते, पुढ्यात उशीचे अभ्रे, बाजूला शिवून झालेल्यांचा लहानसा ढीग. "म्हटलं होतं ना मी! म्हटलं होतं की नाही?" काहीतरी कौतुक करावं म्हणून त्यांनी ढिगातला वरचा अभ्रा उचलला. तो त्यांच्या हातात दोन तुकडे होऊन सुटला.

त्यांनी दुसरा उचलला. तोही सुटला. कडेनं भोकांची बारीक सरळ रांग, आणि दोरा नाही. सुईत दोराच नव्हता.

"हे काय गं?"

तिनं पाय थांबवले. "ओवता येत नाही हो. उजव्या हातानं दोरा धरते, डावा वरतीच येत नाही." शब्द तिच्या तोंडातून सावकाश, ओले होऊन येत होते. "दोन दिवस झाले तुम्ही जिन्यात थांबून ऐकता. मला कळतं. म्हटलं, आवाज तरी ऐकू दे तुम्हाला."

पट्टीवाल्यांनी तिचा डावा हात उचलला आणि सोडला. तो मांडीवर पडला, एखादी वस्तू पडावी तसा.

तासाभरात ते दोघं आणि लेक इस्पितळात होते. डोक्याचं चित्र काढलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. कवटीच्या आत रक्त साचत गेलंय, ते मेंदूला दाबतंय. आजच उघडून काढावं लागेल. "डोक्याला मार कधी लागला होता? निदान तीन आठवडे झाले असणार."

लेकीनं बापाकडे पाहिलं. पट्टीवाल्यांना कुठल्याही वर्षातला कुठलाही दिवस विचारा, ऊन किती तास पडलं ते सांगतील. आता ते डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या पेनाकडे बघत राहिले.

"जिन्यात पडले होते," खाटेवरून बायको म्हणाली. "घरात कुणाला सांगितलं नाही मी. हाताचंही नाही. माझीच चूक."

एवढं बोलायलाही तिला दम लागला होता. आणि तो दम तिनं नवऱ्यावर पांघरूण घालण्यात खर्चला. डॉक्टरीणबाई मान हलवून लिहू लागल्या.

"ते खोडा," पट्टीवाले म्हणाले. "हिनं सांगितलं होतं. पडली त्या दिवशी सांगितलं. हाताचं सांगितलं. नेहमीचं नाही म्हणून सांगितलं. तीनदा. लेकीनंही सांगितलं. मी म्हटलं, ऊन पडू दे."

लेकीनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

जीव टांगणीला ठेवण्यात अर्थ नाही: बाई वाचली. डावा हात खांद्यापर्यंत वर जातो, पण बोटांत नाजूक काम उरलेलं नाही. दोन आठवडे आधी आणलं असतं तर उरलं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावरच सांगितलं. विचारलं पट्टीवाल्यांनीच. मशीन गल्लीतल्या एका मुलीनं नेलं.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ती नीट बोलू लागली. पट्टीवाले खाटेशेजारच्या स्टुलावर बसले होते, तीन दिवस वेधशाळेत गेले नव्हते. त्यांनी तिचा हात हातात घेतला, डावाच, आणि विचारलं. विचारायचं धैर्य त्यांनी तीन दिवस गोळा केलं होतं. "तुला आतून कळत होतं ना गं? मग माझ्यावर ओरडली का नाहीस? लेकीला घेऊन सरळ इथं का नाही आलीस?"

राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. राग असता तर पट्टीवाल्यांना सोसला असता.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुमचंच बरोबर असेल."