मुंबईला कशाला?

कमळ मुंबईला एकेचाळीस वेळा गेली होती आणि समुद्र तिनं एकदाही पाहिला नव्हता. एकेचाळीस हा आकडा अंदाजाचा नव्हता. दवाखान्याच्या फाइलवर प्रत्येक खेपेचा जांभळा शिक्का होता. पहिला १९८० सालच्या जूनचा, शेवटचा गेल्या दिवाळीच्या आधीचा. भिवंडीहून पहाटेची एस.टी., दवाखान्याची रांग, बाकडं, पडद्यामागची तपासणी, आणि अंधार पडायच्या आत परत. नऊ वर्षांत तिला त्या शहरातली फक्त एक इमारत माहीत झाली होती. तिचे जिनेसुद्धा पाठ होते.

आता बेचाळिसावी खेप ठरली होती. शनिवार, १८ फेब्रुवारी १९८९, सकाळी दहा. नवा डॉक्टर, आणि तिसऱ्यांदा पोट उघडायचं. तारीख सासूनं कुणाकुणाच्या ओळखीनं मिळवली होती, आणि देताना बजावलं होतं, "ही शेवटची. यानं न्हाय झालं तर मंग चांगदेवाचा दुसरा इचार करावा लागंल."

दुसरा विचार म्हणजे कोण, हे भिवंडीतल्या कामतघरच्या त्यांच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं. मोठी जाऊ पार्वती हिची चुलतबहीण, गणेशपुरीकडची. पोरगी दोनदा घरी जेवून गेली होती. दोन्ही वेळा कमळनंच तिला वाढलं होतं.

"कायदा हाय ना पन?" कमळनं एकदा विचारून पाहिलं.

"कायदा कागदावर," पार्वती म्हणाली. "घरात पाळना हालतो का न्हाय ते बगतात लोकं."

चांगदेव तिथंच बसून जेवत होता. तो घरात बोलतच नसे. नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यात वीस वर्षं जॉबर म्हणून लूम दुरुस्त करता करता त्याचे कान निम्मे गेले होते. घरी तोंड उघडलं की आवाज फार मोठा निघायचा, मग वहिनी म्हणायची, "भावजी, आम्ही न्हाय बहिरे." त्यापेक्षा गप्प बरं.

कारखान्यात मात्र तो बडबड्या होता. कमळही तिथंच कांड्यांवर सूत भरायला बसे. चोवीस लूम एकदम चालू असताना माणसाचा आवाज कुठं पोचत नाही. तिथं सगळं ओठांवर आणि हातांवर चालतं. दोन बोटं एकमेकांवर आपटली की धागा तुटला. टोपी सारखी केल्याची खूण केली की शेठ आला. मूठ छातीकडे ओढली की लूम बंद कर. लग्नानंतर बारा वर्षांत नवरा-बायकोचं जे काही धड बोलणं झालं होतं, ते त्या गोंगाटात झालं होतं, आवाजाशिवाय.

त्यामुळे कमळनं आपला बेत त्याला कारखान्यातच सांगितला. कांड्यांची टोपली खाली ठेवून, ओठ नीट हलवत. शुक्रवारी लूम बंदच असतात. एक दिवस आधी निघू. घरी सांगू, नंबर लावायला आदल्या दिवशी जावं लागतं. आणि त्या दिवशी मुंबई बघू.

चांगदेवनं पाना खिशात घातला. 'काय बघायचं?' त्याचे ओठ म्हणाले.

'सगळं.'

त्यानं होकारार्थी मान हलवली.

शुक्रवारी दहा वाजता ते गिरगावातल्या एका लॉजच्या टेबलासमोर उभे होते. मॅनेजरनं रजिस्टर पुढे ओढलं. कमळच्या कापडी पिशवीतून फाइलचा कोपरा डोकावत होता.

"दवाखान्यासाठी आलात?"

"न्हाय," कमळ म्हणाली. "फिरायला."

मॅनेजरनं वर पाहिलं. हिरवं लुगडं, हातावर गोंदण, शेजारी ग्रीसनं कायमची काळी झालेली नखं. "फिरायला," त्यानं पुन्हा म्हटलं.

"का? भिवंडीच्या मान्सांना पाय न्हायत?"

त्यानं रजिस्टरमध्ये 'फिरायला' असं लिहिलं. कमळला शाळेत चौथीपर्यंतच घातलं होतं, पण तो शब्द तिनं उलट्या बाजूनंही वाचला.

मग ते शहराच्या मागंच लागले. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेशी बसले. झाडाच्या फांद्या काचेवर आपटल्या की कमळ मान मागे घेई आणि मग स्वतःवरच हसे. गेटवेला लाँचमध्ये चढले. पाणी अंगावर उडालं तसा तिनं पदर सारखा केला आणि फाइल चांगदेवच्या मांडीवर टाकली. राजाबाई टॉवरखाली उभे राहून घड्याळाचे ठोके मोजले. चांगदेवला सगळे ऐकू आले, याचा त्याला फार आनंद झाला. म्युझियममध्ये एका दगडी मूर्तीसमोर त्यानं विचारलं, "हिचा हात कुनी तोडला?" तर दालनातली पंधरा माणसं एकदम वळली.

रखवालदार आला. "हळू बोला, काका. इथं शांतता पाळतात."

चांगदेवचा चेहरा उतरला. तो पुढची दोन दालनं तोंड मिटून चालला. कमळच्या ते लक्षात आलं आणि तिला राग आला, रखवालदाराचा नव्हे. हा माणूस जिथं जाईल तिथं लोक त्याला हळू बोलायला सांगतात, आणि तो ऐकतो.

दुपारी हँगिंग गार्डन चढून गेले, संध्याकाळी चौपाटीपर्यंत खाली उतरले. कमळच्या चपलेचा अंगठा तुटला, तो तिनं पिनेनं जोडला. मरीन ड्राइव्हचा कठडा ओला होता. तिनं पिशवीतून फाइल काढली, कठड्यावर आडवी ठेवली आणि तिच्यावर बसली.

"अगं, कागद चुरगळतील," चांगदेव ओरडला. ओरडायचं नव्हतं त्याला.

"चुरगळू दे. नऊ वर्सं मी चुरगळले, तवा कोन बोलला?"

समोर समुद्र होता. ती त्याच्याकडे पाहत होती आणि चांगदेव तिच्याकडे.

शनिवारी सकाळी आठला ते लॉजमधून निघाले. दारातून डावीकडे दवाखान्याची बस मिळायची, उजवीकडे समुद्र. चांगदेव डावीकडे चार पावलं गेला. मागे चपलेचा आवाज नाही, हे त्याला कळलं नाही. वळून पाहिलं तर कमळ उजवीकडे चालत होती, पिशवी खांद्याला, न थांबता.

तो धावत तिच्यापाशी आला. "दहाला नंबर हाय."

"मना म्हाईत हाय."

"मंग?"

"मना मासे बगायचेत. काल बोर्ड बघितला. काचंतले मासे."

"आनि आय काय बोलंल?"

कमळ थांबली. "आय काय बोलंल ते मना म्हाईत हाय. तुमी काय बोलाल ते न्हाय म्हाईत. बारा वर्सं झाली."

ती पुन्हा चालू लागली. तो मागून आला. सोबत म्हणून आला की समजूत घालायला, हे तिला कळेना, आणि तिनं विचारलंही नाही.

मत्स्यालय उघडायला वेळ होता. ते फुटपाथवर बसून राहिले. समोरच्या दुकानातल्या घड्याळात दहा वाजले, तेव्हा दोघांनीही तिकडे पाहिलं आणि दोघांनीही पाहिलं नसल्यासारखं केलं. दवाखान्यात आता तिचं नाव पुकारलं जात असेल. दोनदा पुकारतात, मग पुढचं.

दार उघडलं तेव्हा त्यांच्यासोबत एका शाळेची सहलही आत शिरली. दीडशे पोरं. बंद दालनात त्यांच्या किंचाळ्या अशा घुमू लागल्या की बाईंनी शिट्टी फुंकली तीही कुणाला ऐकू आली नाही. लोकांनी कानांवर हात ठेवले. गर्दीच्या रेट्यानं कमळ एका टोकाला गेली, चांगदेव दुसऱ्या टोकाला कासवाच्या टाकीपाशी अडकला.

तिनं मान उंचावून त्याला शोधलं. तो तिच्याकडेच पाहत होता. आणि पोरांच्या डोक्यांवरून, त्या गोंगाटात, त्याचे ओठ हलले. सावकाश, नीट, कारखान्यात हलतात तसे.

'माझी चूक झाली.'

'कसली?' तिनं विचारलं.

'पहिल्या खेपेलाच बोलायला पायजे होतं. मना दुसरी नको. पोर न्हाय झालं तर न्हाय झालं.' मग त्यानं उजवा हात वर केला, मूठ वळली आणि छातीकडे ओढली. लूम बंद कर.

कमळच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते वाहू दिलं नाही. असं बोलणं तिला पुरणार नव्हतं. हे बोलणं कामतघरच्या खोलीत शिरताच संपतं, हे ती बारा वर्षं बघत होती. तिनं बोट ओठांवर ठेवलं, मग कानावर, मग दूर भिंतीपलीकडे दाखवलं. घरी. आवाजात. बोलाल?

कासव काचेला नाक लावून वळलं, परत आलं, पुन्हा वळलं. मग चांगदेवनं मान हलवली. एकदाच.

संध्याकाळी सहाच्या सुमारास ते चाळीत पोचले. सासू उंबऱ्यात तांदूळ निवडत होती, पार्वती चुलीशी होती. शेजारचा चिंधू बनियनवर बाहेर विडी ओढत बसला होता.

"काय बोलला डाक्टर?" सासूनं सूप खाली ठेवलं.

कमळ चांगदेवकडे वळून उभी राहिली. आत जाऊन पाणी पिण्याचं निमित्त होतं, डोक्यावरचा पदर सावरण्याचं होतं. तिनं एकही वापरलं नाही.

चांगदेवनं घसा साफ केला. "डाक्टरकडे गेलोच न्हाय."

आवाज एवढा मोठा निघाला की चिंधूची विडी ओठातून खाली पडली.

"भावजी, हळू," पार्वती आतून म्हणाली. "सगळी चाळ ऐकतेय."

चांगदेव थांबला. सवयीनं त्याची मान खाली जाऊ लागली. कमळला ते दिसलं.

"हळू कशाला, जाऊबाय?" ती म्हणाली. "माझं पोट दोनदा उघडलं ते सगल्या चाळीला म्हाईत हाय. आता हेबी ऐकू दे. बोला तुमी."

आणि चांगदेव बोलला. चोवीस लूम चालू असल्यासारखा बोलला. कमळ यापुढे दवाखान्यात जाणार नाही. तिचं पोट कुणी पुन्हा उघडणार नाही. या घरात दुसरी बायको येणार नाही, गणेशपुरीची नाही आणि कुठलीच नाही. पाळणा हवा असेल त्यानं स्वतःच्या दारात बांधावा. माडीवरच्या खिडक्या उघडल्या. नळावरच्या बायकांनी हंडे खाली ठेवले. त्याला थांबायचं कुठं ते कळत नव्हतं, म्हणून त्यानं तेच सगळं आणखी एकदा सांगितलं.

शेवटी सासू म्हणाली, "मंग दोन दीस मुंबईला गेलतात कशाला?"

"फिरायला," कमळ म्हणाली.

सासूनं सूप उचललं आणि आत गेली. आठ दिवस ती कमळशी बोलली नाही. पार्वतीही बोलली नाही, पण गणेशपुरीची पोरगी त्यानंतर जेवायला आली नाही. कमळनं चुरगळलेली फाइल ट्रंकेच्या तळाशी घातली आणि वर हिरवं लुगडं ठेवलं. कारखान्यातल्या बायका गोंगाटात ओठांनी विचारत, डॉक्टर काय म्हणाला? ती मूठ छातीकडे ओढे. मग हात लांब पसरून लाटेसारखा हलवे. समुद्राला तिथं आजवर खूण नव्हती, ती तिनंच केली.

नवव्या दिवशी कमळ मासे साफ करत असताना सासू मागे येऊन उभी राहिली. खाडीकाठी वाढलेली बाई, माशावाचून घास उतरत नसे.

"काचंत मासे ठेवतात म्हनं तिथं," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आपल्या खाडीतला जिताडा व्हता का?"

कमळनं कोयता थांबवला नाही.

"व्हता का न्हवता ते बगायला मुंबईला जावं लागतं, आय," ती म्हणाली. "आनि तिकडं जायला आजारी पडावं लागत न्हाय."