अध्यक्षांचा मासा

फ्लेक्सच्या धंद्यात माणसाचं तोंड कसं आहे याला काडीची किंमत नाही, ते किती मोठं छापायचं यावर सगळी भांडणं होतात. पवनीच्या बसस्टँडजवळ माझं दुकान आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, चौदा एप्रिल, सगळं छापतो. पण दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात आणि माझं डोकं फिरायला लागतं. मंडई म्हणजे जत्रा, पाहुण्यांची वर्दळ, रात्री नाटक. गावाच्या तोंडाशी कमान आणि कमानीवर फ्लेक्स. त्यावर नाटकाचं नाव बोटभर आणि समितीची तोंडं परातीएवढी.

या तोंडांत सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे खेमराजभाऊ. आसगावच्या पुढे तलावाकाठी त्यांचं गाव. पिढीजात मासेमारी, आणि आता मंडई समितीचे अध्यक्ष. मागच्या वर्षी मी फोटोत त्यांचा खांदा थोडा कापला होता, कारण उपाध्यक्षांनाही कुठंतरी बसवायचं होतं. तो खांदा मला वर्षभर ऐकावा लागला. यंदा फोनवर आधीच दम मिळाला.

"संघपाल, फोटो टॅबमंधी आहे. मासोळीवाला. बोटभरही कापशील त याद राख."

"टॅब कोण आणून देते, भाऊ?"

"बायको. बाजारात मासोळ्या विकाले येऊन राहिली. तिले काही विचारू नको, तिले यातलं काही समजत नाही."

दुपारी शकुनवहिनी आल्या. डोक्यावर रिकामी टोपली, टोपलीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टॅब. टॅब मूळचा लेकीचा. तिनं नागपूरला नवा घेतला आणि जुना बापाकडे आला. त्यात सिम नव्हतं, म्हणजे व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा म्हणायची सोय नव्हती. वायर जोडूनच काढावे लागणार होते.

ड्रॉवरमधली वायर लावली. टॅब खुशाल चार्ज व्हायला लागला, पण संगणकाला त्याचा पत्ताच नाही. ती वायर नुसती चार्जिंगची निघाली. शेजारच्या मोबाइलवाल्याला चार शिव्या घालून त्याची चांगली वायर उचलून आणली. आता संगणकावर टॅबचं नाव दिसलं, उघडून पाहिलं तर आत सगळं रिकामं.

"टॅबला कुलूप आहे, वहिनी. काचेवर रेघ ओढली की उघडते. भाऊंना फोन लावतो."

"कायले लावता?" वहिनींनी टॅब उचलला आणि दारातल्या उजेडात तिरपा धरला. "हा मानूस माह्याकडं पाठ करून रेघ ओढते. पन दिवसभर हात मासोळ्यात, बोट तेलकट. पाहा."

काचेवर खरंच एक वळणावळणाची रेघ चमकत होती. वहिनींनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि टॅब उघडला. यातलं काही समजत नाही म्हणे! मला एवढा आनंद झाला की मी स्वतःच्या पैशानं चहा मागवला.

टॅबनं विचारलं, नुसतं चार्ज करू की फाइली पाठवू? मी फाइलींवर बोट ठेवलं. एकेक फोटो निवडत कोण बसणार, म्हणून अख्खं फोल्डरच संगणकावर ओढलं. पडद्यावर खेमराजभाऊंचं पीक आलं. भाऊ गॉगल लावून, भाऊ दुसऱ्याच्या बुलेटवर, भाऊ तलावाकडे बघताना, जसा काही तलाव यांनीच खोदला. वहिनी स्टूल पुढे ओढून बघत होत्या. तोवर त्यांचा एकही फोटो आला नव्हता. त्यांचा चहा तसाच निवत होता.

मग मासोळीवाला आला. भाऊ छाती काढून उभे, हातात भलामोठा कतला. फक्त त्या कतल्याला डोकंच नव्हतं. जिथं फोटो संपत होता तिथं माशाची मान संपत होती.

"वहिनी, हा मासा बिनडोक्याचा कसा?"

वहिनी आधी हसल्या आणि मग पडद्याजवळ वाकल्या. "खाली पाहा, भाऊ. पुरा असन."

होताच. टॅबमध्ये फोटो कापला की कापलेला वेगळा जमा होतो आणि मूळचा तसाच पडून राहतो. फोल्डर ओढलं तेव्हा दोन्ही आले होते. मूळच्या फोटोत शकुनवहिनी होत्या. लुगडं खोचलेलं, कमरेपर्यंत चिखल, कतल्याच्या कल्ल्यात बोटं घालून खदखदा हसताना. खेमराजभाऊ बाजूला, दुसऱ्याचं लेकरू धरावं तशी शेपटी धरून.

"लेकीनं काढला होता," वहिनी म्हणाल्या. "आमच्या गावात ज्यानं मासोळी पकडली त्याची बोटं कल्ल्यात. दुसऱ्यानं शेपटी धरा."

मग मला सगळं कळलं. डोकं ठेवलं असतं तर बोटं दिसली असती, आणि बोटं दिसली असती तर अध्यक्षांना गाव हसलं असतं. म्हणून बिचाऱ्या माशाची मान कापली गेली होती.

"माही माय येऊन राहिली मंडईले, कारध्याहून," वहिनी पडद्याकडं बघत म्हणाल्या. "गुडघे गेले तिचे, लय सालानं येऊन राहिली. मी त चुलीपाशी वडे तळत राहीन. तिले वाचता येत नाही, भाऊ. कमानीवर माहं तोंड दिसलं असतं, त तिले वाटलं असतं, लेक आहे कोनीतरी या गावात." मग लगेच उठल्या. "जाऊ द्या. बिनडोक्याचाच लावा."

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की खोडी सुचते. मी भाऊंना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"भाऊ, मासोळीवाला फोटो मिळाला. कुठून कापू?"

"अबे, कापू नको म्हनलं ना!"

"थोडाही नाही?"

"थोडाही नाही! पुरा लाव! या कडेपासून त्या कडेपर्यंत!"

"आणि मोठा?"

"सगळ्यात मोठा!"

मी फोन ठेवला. वहिनींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "आता भांडन होईन."

"कोणाशी?"

"तुमच्याशी. मले त यातलं काही समजत नाही."

मंडईच्या दिवशी मी दुकानाला कुलूप घालून मुद्दाम गेलो. भाऊ पहाटेपासून तलावावर जाळ्याच्या कामात अडकलेले, पोरांनी परस्पर फ्लेक्स बांधला होता. ते दुपारी कमानीखाली आले, वर पाहिलं आणि मला पानठेल्यापाशी गाठलं.

"हे काय केलं, बे?"

"पुरा लावला, भाऊ. तुम्हीच म्हणालात."

"मी म्हनलो थो दुसरा..." भाऊ थांबले. आजूबाजूला माणसं होती. आपण म्हणालो तो कापलेला, हे सांगायचं तर कापला कोणी आणि काहून, हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी शेवटी पान मागितलं.

तेवढ्यात कारध्याचा ऑटो आला. शकुनवहिनी पिठाच्या हातानं चुलीपासून धावत आल्या. त्यांची आई सुंदरबाई काठी टेकत उतरली, कमानीकडं मान वर करून बघत राहिली.

"व माय! शकुन!" ती ओरडलीच. येणाऱ्याजाणाऱ्याला काठीनं वर दाखवायला लागली. "माही पोरगी आहे! पाहा ना गा, माही पोरगी!"

वहिनी तोंडावर हात धरून उभ्या होत्या. सगळ्या तोंडाला पीठ लागलं होतं.

खेमराजभाऊंना राहवलं नाही. ते सासूपुढं जाऊन आपल्याच फोटोखाली उभे राहिले. "अन हा मी, मामी."

सुंदरबाईचा जन्म वैनगंगेच्या काठी मासे विकण्यात गेलेला. ती जावयाच्या तोंडाकडं बघतच नव्हती, माशाकडं बघत होती. "झ्याक. शेपटी बराबर धरली, जवाईबापू. तुमी होते म्हनून. एकटीनं जमलं नसतं तिले."

पानठेल्यावर सगळे खाली बघायला लागले. भाऊंचे कान लाल झाले. आता हा माणूस हो म्हणून मोकळा होणार, असं मला वाटलं होतं.

"नाही, मामी," ते हळूच म्हणाले. "एकटीनंच काढली. मी मंग आलो."

"अस्सं?" सुंदरबाईनं मान हलवली. "मंग तिले आजच्या दिवशी चुलीपाशी काहून बसवलं, बाप्पा?"

 अध्यक्ष कमानीखालून निघाले ते थेट घरी. शकुनवहिनी आईला धरून पाकाच्या जिलेबीच्या दुकानाकडं गेल्या, आणि मी भाऊंच्या मागं. ते गॉगल कपाळावर चढवून चुलीपुढं बसले होते, धुरानं खोकत वडे तळत होते. पहिला घाणा पार कोळसा झाला होता.

मी मोबाइल काढून फोटो घेतला.

"संघपाल! फ्लेक्सवर हा लावशील त याद राख!" भाऊ झारा उगारून ओरडले. "लावशील तरी ह्या करपलेल्या वड्यांचा भाग कापून टाकजो!"

"कापत नाही, भाऊ," मी म्हणालो. "या कडेपासून त्या कडेपर्यंत."