लाकडाखालची खूण

श्रीपती माझा मेव्हणा, माझी बायको विमला हिचा पाठचा भाऊ. माझ्या लेकीचं, कुसुमचं, ठरलेलं लग्न त्याने हातखंब्याच्या टपरीवर मुलाकडच्यांचे कान फुंकून मोडलं, तेही एक कप चहा संपेपर्यंत. तेव्हापासून मी त्याचं तोंड बघत नव्हतो. पण त्र्याऐंशी साली त्यानेच माझं नाव पुढे केलं.

तो रत्नागिरीत एका कॉलेजच्या एन.सी.सी.च्या हत्यारांच्या कोठीवर होता. तपासणीला आलेल्या कॅप्टनला एका थ्री-नॉट-थ्री रायफलच्या बॉडीवर ४१६८ आणि बॅरलवर ४१९८ दिसलं. साहेबाचं म्हणणं, श्रीपतीने चांगली बॅरल विकली आणि कुठलीतरी भंगार आणून बसवली. म्हणजे नोकरी जाणार आणि वर तुरुंग. मी फौजेच्या वर्कशॉपात तेवीस वर्षं रायफली दुरुस्त केलेल्या, म्हणून मला बोलावणं.

"भावोजी, म्या हात पन लावलेला न्हाय," श्रीपती म्हणाला. "तुमी खोटं बोलनार न्हाय, येवढं मला ठाव हाय."

असल्या माणसाला माझा खरेपणा गरजेपुरता आठवतो.

रायफल खिडकीशी नेली आणि वरचं लाकूड उतरवलं. बॉडी बेचाळीस सालची, बॅरल एक्कावन्नची. बॅरल बदललेली, हे उघडच होतं. आम्ही नवी बॅरल चढवली की तिच्यावर रायफलचाच नंबर ठोकायचो, आणि लाकडाखाली ज्याची त्याची खूण. इथेही खूण होती. गोलात सतरा. माझी.

सहाचा पंच उलटा धरला की नऊ उठतो, ४१६८ चं ४१९८ होतं. नवशिक्यांची चूक ही. तिच्यापायी मी कितीजणांच्या कानाखाली वाजवल्या होत्या.

"काय निघालं?" कॅप्टनने टेबलावरूनच विचारलं.

एक वाक्य पुरे होतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या दीडदमडीच्या माणसासमोर मी चुकलो म्हणायचं?

"बाहेरची आहे साहेब. वर्कशॉपचं काम नाही हे."

श्रीपती मटकन खाली बसला. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, कशाला लपवू? साहेब लिहू लागला.

"भावोजी, येकदा परत बगा." त्याने माझे पाय धरले. "तुमच्याबिगर ह्यातलं कुनाला कळनार?"

मी परत बघितलं. गोलात सतरा, अगदी स्वच्छ. मग लाकूड चढवलं आणि स्क्रू घट्ट आवळला.