इनायतभाईंचं काळं कव्हर

सिनेमाचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की माणसं सिनेमाबद्दल बोलायला लागतात, आणि ही गोष्ट सिनेमाची नाही, त्याच्या वरच्या पुठ्ठ्याची आहे.

आमच्या घरात सहाशेच्या वर डीव्हीडी आहेत. हे, म्हणजे गोपाळकृष्ण, अमरावतीच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, बागेत जातात. हे कपाटात गेले. त्या कपाटाला कायदे आहेत. जुन्या जाड प्लास्टिकच्या डब्या वरच्या खणात, कारण त्या मिटताना टक् असा आवाज येतो. नव्या पातळ, पाठीमागे भोकं पाडून प्लास्टिक वाचवलेल्या डब्या खाली, कारण त्यांच्याबद्दल यांना मनातून आदर नाही. पत्र्याचे डबे वेगळे. आणि सगळ्यांच्या पाठीवरची नावं एकाच दिशेनं वाचता आली पाहिजेत. एखादी कंपनी उलटी छापते, तर ती डबी डोक्यावर उभी राहते.

"पाहता कधी हे सगळं?" असं मी एकदा विचारलं होतं.

"पाहिलेलं आहे ना सगळं," हे म्हणाले.

या बाबतीत यांच्यापेक्षा पुढे गेलेला माणूस अकोल्याला राहतो. इनायतुल्ला. पूर्वी त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. आता त्याच गाळ्यात त्यांचा मुलगा शाकीब मोबाईलची कव्हरं विकतो, म्हणजे धंदा कव्हराचाच राहिला. इनायतभाई डबीला उघड्या हातानं शिवत नाहीत, हातरुमालात धरतात. नागपूरच्या एका दोस्तानं त्यांच्या एका कव्हरावर नखाचा ओरखडा पाडला. त्याला आता आठ वर्षं झाली. त्या दोस्ताच्या मुलीच्या लग्नालाही इनायतभाई गेले नाहीत. आहेर पोस्टानं पाठवला, आणि तो मात्र फार सुंदर बांधून.

रोज सकाळी दहा वाजता इनायतभाईंचा फोन येतो. निवृत्तीचं पहिलं वर्ष यांना फार जड गेलं होतं. आमची मुलगी मैथिली लग्न होऊन गेली होती, शाळा सुटली होती. हे बनियनवर पलंगाच्या कडेला बसून राहायचे, दाढी तीन-तीन दिवस वाढायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण दाढी करायला लावली ती दहाच्या फोनानं. फोनवर दाढी दिसत नाही हे मलाही कळतं, पण हे करायचे. म्हणून त्या फोनला मी औषध समजते.

तर यंदा नवरात्राच्या आधी इनायतभाईंनी एक गोष्ट केली, जी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. त्यांनी वस्तू बाहेर दिली. त्या सिनेमाच्या चार तबकड्यांच्या संचावरचं काळं कव्हर. मखमलीसारखा मऊ पुठ्ठा, पाठीवर बारीक चंदेरी अक्षरं. आमच्याकडे तो संच आहे, पण कव्हराशिवाय, उघडाबोडका. इनायतभाई स्वतः म्हणाले, "मास्तर, घेऊन जा. मापं काढा, भगवंताकडून तसंच छापून घ्या." भगवंत म्हणजे आमच्या गल्लीतला लग्नपत्रिका छापणारा. ह्यांनी ते कव्हर अकोल्याहून बसमध्ये मांडीवर घेऊन आणलं, तान्हं मूल आणावं तसं. मापं काढली, फोटो काढले, भगवंताला सगळं समजावलं आणि कव्हर कपाटाच्या वर, धुतलेल्या हातरुमालात गुंडाळून ठेवलं. मला बजावलं, "त्याले हात लावू नको."

मी हात लावला नाही. बोट लावलं.

दसऱ्याला आमच्याकडे जे जे राबतं त्याची पूजा होते. माझं शिलाई मशीन, यांची पट्टी आणि कंपास, स्कूटर, कपाट. मी ओलं कुंकू कालवून एकेक ठिपका देत चालले होते. कपाटाला दिला. वर पाहिलं तर रुमाल सरकलेला आणि ते काळं कव्हर. मनात आलं, या घरात ज्याचा एवढा मान आहे ते बिनकुंकवाचं कसं ठेवायचं? दिला ठिपका. छान दिसला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी सोनं वाटून आल्यावर मला काय केलं ते उमगलं. ओल्या फडक्यानं पुसलं तर ठिपक्याचा चंद्र झाला. पावडर टाकली, तो गुलाबी झाला. घासलं, तेव्हा तेवढ्या जागेची मखमल निघून तिथं चकाकी आली. मग मी थांबले. थांबण्याची अक्कल मला नेहमी तिसऱ्या चुकीनंतर येते.

सकाळी यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. खुर्चीवर बसून म्हणाले, "काहून केलं असं?"

"दसरा होता," मी म्हणाले.

"हाव," म्हणाले, आणि कव्हर पुन्हा रुमालात गुंडाळलं.

दहाला फोन वाजला. ह्यांनी उचलला नाही. घसा बसला आहे असा निरोप मला सांगायला लावला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी भगवंतानं नवं कव्हर आणून दिलं. काळं, मऊ, चंदेरी अक्षरं. दोन्ही शेजारी ठेवली तर डागामुळेच ओळखू यावीत, इतकी सारखी.

हे बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हेच देऊन येतो त्याले."

"त्यांना कळेल."

"नाई कळत."

"आणि नाही कळलं तर?"

यांनी भगवंताचं कव्हर उचलून बॅगेत ठेवलं. चौथ्या दिवशी ह्यांनी दाढी केली नाही. फोन अजून तुटला नव्हता, तरी बंद पडलाच होता. खोटं कव्हर देऊन आले तर दोस्ती शाबूत राहील आणि हे मात्र रोज दहाला घसा बसवून घेणार. रविवारी अकोल्याला जायचं यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, मीही येते.

बसमध्ये हे खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी. यांच्या बॅगेत भगवंताचं कव्हर. माझ्या पिशवीत, साडीच्या घडीत, डागाचं. ते मी घेतलं आहे हे यांना माहीत नव्हतं. कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट फाडलं, तेव्हा वाटलं, चुकाही बायकांच्या अर्ध्याच धरल्या असत्या तर बरं झालं असतं.

इनायतभाईंकडे पोचलो तर घरातही हवा जडच. त्यांच्या बायकोनं, शहाजादीभाभींनी, पाणी आणलं, पण नेहमीसारखी थट्टा केली नाही. शाकीब मोबाईल घेऊन दारापाशी उभा. इनायतभाई एकदा त्याच्याकडे, एकदा यांच्या बॅगेकडे पाहत होते. मला वाटलं, इनायतभाईंना कळलं. भगवंतानं सांगितलं असेल.

"घसा कसा आहे, मास्तर?"

"बरा आहे," हे म्हणाले, आणि बॅगेच्या चेनला हात घातला. चेन दोन बोटं उघडली आणि अडकली. का यांनीच अडकवली, देव जाणे.

मी माझ्या पिशवीतून डागाचं कव्हर काढून टेबलावर ठेवलं, डाग वर करून.

"भाईजी, हे माझ्या बोटाचं काम आहे," मी म्हणाले. "दसऱ्याला पूजेत ठिपका दिला. मग पुसायला गेले, त्यात हे असं झालं. यांनी मला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. यांचा काही दोष नाही. बोलणं बंद करायचं तर माझ्याशी करा."

हे खाली मान घालून बसले होते. इनायतभाईंनी खिशातून हातरुमाल काढला. मग तो परत खिशात ठेवला आणि कव्हर उघड्या हातानं उचललं. मी त्यांना पहिल्यांदाच एखादी वस्तू तशी धरताना पाहत होते. खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं. डागावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"पुसलं काहून, भाभी?" ते म्हणाले. "ठिपका बरा दिसला असता."

मग शाकीबला हाक मारली. "याचा फोटो काढ. जवळून काढ, डाग दिसला पाहिजे. अन् पाठव त्या पुण्याच्या सायबाले."

"अब्बा, डाग काय दाखवायचा? थोडासा तर आहे."

"काढ म्हणतो ना. माल जसा आहे तसा दाखवायचा."

शाकीबनं तोंड वाकडं करून फोटो काढला, पाठवला. आम्हाला काहीच कळेना. शहाजादीभाभी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पाच-सहा मिनिटांनी मोबाईल वाजला. शाकीबनं वाचलं आणि मोबाईल वडिलांच्या समोर धरला.

"नाही म्हणतो तो," शाकीब म्हणाला. "बाहेरचं कव्हर कोरं असेल तरच घेणार होता. आता फुकट दिलं तरी नको म्हणतो."

इनायतभाई खुर्चीत बसले. बसले म्हणजे खांदे खाली आले, पाय लांब झाले, आणि त्यांनी असा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

"मास्तर," ते म्हणाले, "हा संच विकाले मी याले रमजानमध्ये हो म्हणून बसलो होतो. दुकानाले नवी काच पाहिजे म्हणे. यानंच गिऱ्हाईकही शोधून आणलं. जबान दिली होती, फिरवता येत नव्हती. आज तो मानूस घ्याले येनार होता. मी रात्री झोपून नाही राहिलो आठ दिवसांपासून."

हे आता मान वर करून पाहत होते. "म्हणून मले नेऊ देलं?"

"मंग? आपल्या हातून गेलं तं गेलं, अमरावतीत त्याचं माप तं राहील म्हटलं. तुमाले सांगितलं असतं तर तुमी मापं घ्याले बसले नसते, रडत बसले असते."

"अन् तुमी?"

"मी तं बसलोच होतो."

शाकीब म्हणाला, "काचेचं काय मग?"

"काच तुया बापाच्या कपाटाले लावायची नाही, दुकानाले लावायची आहे ना? तं दुकानाच्या कमाईतून लाव," शहाजादीभाभी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "शकुनभाभी, जाताना आमच्या फ्रिजलेही कुंकू लावून जा. तोही हा विकून राहिला."

शाकीबलाच आधी हसू आलं. मग सगळ्यांना. हसता हसता माझ्या लक्षात आलं की मला भूक लागली आहे. दसऱ्यापासून मी धड जेवले नव्हते. शहाजादीभाभींनी ताट वाढलं. मी भात दोनदा मागून घेतला आणि तिसऱ्यांदा नको म्हणताना ताट मागे घेतलं नाही.

जेवण झाल्यावर ह्यांनी बॅगेची चेन उघडली. या वेळी ती अडकली नाही. भगवंताचं कव्हर काढून इनायतभाईंपुढे ठेवलं आणि म्हणाले, "हे तुमाले देनार होतो. खरं म्हणून."

हे सांगायची काही गरज नव्हती. पण सांगितलं.

इनायतभाईंनी ते हातरुमालात धरून उचललं. पाठीवर नख ठेवलं, उजेडात फिरवलं. "मले पाहताच कळलं असतं," ते म्हणाले. "पाठ एक सूत जाड आहे. तुमचा संच आत खुळखुळ करन."

"एक सूत? नाही बा. मी स्वतः पट्टी लावली."

"पट्टी जुनी असन."

"माझी पट्टी बत्तीस वर्षांची आहे, इनायतभाई. तिले काही झालं नाही."

दोघं त्या पाठीवर ओणवे झाले. आम्ही दोघी भांडी घासायला गेलो. तिथपर्यंत त्यांचं सूत सूत ऐकू येत होतं.

डागाचं कव्हर इनायतभाईंनी आपल्या संचाला चढवलं आणि कपाटात पुढे ठेवलं. डाग मागे फिरवावा असं मी सुचवलं. ते म्हणाले, मागे फिरवलं तर पाठीवरचं नाव उलटं होईल.

परतीच्या बसमध्ये हे बडनेऱ्यापर्यंत भगवंताच्या नावानं बोटं मोडत होते. मी मध्ये झोपले. उठले तेव्हा ते तिकीट दुमडून त्यानं कव्हराची जाडी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मोरीतून दाढीच्या साबणाचा वास आला. दहाला फोन वाजला. ह्यांनी पहिल्याच घंटेला उचलला आणि 'हॅलो' म्हणायच्या आधी म्हणाले, "अर्धं सूत आहे. एक नाही." मी मशीनवर बसले आणि दोरा ओवायला घेतला. पाऊण तासानंतरही ते अर्ध्या सुतावरच होते.