धायटी म्हणू नको

मैनाबाईनं लेकानं आणलेली पुडी सोडली आणि कपाळावर हात मारला. आत डिंकाचे खडे होते.

"अरे उकंड्या, मी धायटी सांगतली होती ना?"

"दुकानदार म्हणे, धायटी म्हंजे धावडाच. धावड्याचं हेच असते."

"धावडा झाड हाये रे, मोठं झाड! धायटी झुडूप. लाल फुलाचं. आता डिंकाचे लाडू करू काय मी?"

खाटेवर नातू कण्हत होता. दीड वर्षाचं पोर, दोन दिवसांपासून आव पडत होती. दवाखान्याच्या पुड्या पोटात टिकत नव्हत्या. सून नलू सारखी सासूच्या तोंडाकडे पाहत होती. अर्धं राजूर मैनाबाईकडून धायटीची वाळलेली फुलं न्यायचं. कुटून ताकात दिली की आव थांबायची. आणि आज तिच्याच घरात चिमूटभर नव्हती. मागच्या महिन्यात दारूबंदीचे शिपाई आले आणि फुलांचं मडकं नालीत उपडं करून गेले. धायटीनं मोहाची दारू लवकर आंबते, एवढंच त्यांना ठाऊक. पोटाचं सांगितलं तर हसले. आता भादव्यात झुडपावर फूल कुठलं?

दुसऱ्या दिवशी उकंडा पुन्हा वणीच्या बाजारात गेला आणि रिकाम्या हातानं आला.

"धायटी म्हटलं का सारे तोंड फिरवतात, माय. एक म्हणे, भट्टी कुठी लावली?"

"आन जडीबुटीवाली भुरीबाई?"

"ते बी नाही म्हणे. तिच्यापुढं लाल फुलाचा ढीग होता, पण ते म्हणे, हे सुरतेली हाये."

"कशी होती फुलं?"

"बारीक. नळीवानी."

रडावं की हसावं, मैनाबाईला कळेना. "अरे बैला! डोंगरातले लोक तिलेच सुरतेली म्हणतात. डोळ्यापुढं होती आन तू नाव ऐकून परत आला?"

"मले कोणं सांगतलं होतं?"

हे मात्र खरं होतं. गावातल्या पोरींना झाडपाला शिकवताना ती आधी हातात पान द्यायची, नाव मागून सांगायची. पोटच्या पोराला नुसतं नाव देऊन बाजारात धाडलं होतं.

तिनं फुलांची जुनी पिशवी उलटी केली, शिवण उसवली. दोन फुलं अडकलेली निघाली. सकाळी ती उकंड्याच्या तळहातावर ठेवून तिनं त्याची मूठ मिटली.

"हे दाखव. धायटी म्हणू नको, सुरतेली म्हणू नको, काहीच म्हणू नको. नावानंच सारा घोळ होते."

दुपारी तो परतला तेव्हा धोतराच्या सोग्यात ओंजळभर फुलं होती.

"तोंड उघडलंच नाही," तो म्हणाला. "भुरीबाई म्हणे, काल तं बोलत होता, आज मुका कसा झाला?"

मैनाबाई हसली नाही. फुलं कुटून ताकात कालवली आणि पहिला चमचा नातवाच्या पोटात राहतो का, ते पाहत बसली. राहिला. मग दुसराही.

तेव्हा कुठं तिनं सोग्यातलं एक फूल उचलून उकंड्यापुढं धरलं.

"बस इथं. आधी नीट पाह्य. नावं मागून सांगीन."